परवडणारं हॉटेल, आमच्या गल्लीतलं सोडून

मुलुंडहून माटुंग्याला जाऊन गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब 'घराजवळचं, साधंसुधं' जेवण जेवून आलो. घराजवळचं म्हणजे कुणाच्या तरी. स्टेशनालगतचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून तिथं आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम वाढतात आणि बिल बघून चक्कर येत नाही. आमची चक्कर आधीच येऊन गेली होती. रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, तोही नेमका माटुंगा ते मुलुंड. त्यामुळे जाता-येता टॅक्सी. तेवढ्या पैशांत आणखी चौघं जेवली असती. पण टॅक्सीचे पैसे जेवणात धरायचे नसतात, हा मुंबईतल्या स्वस्ताईचा पहिला सिद्धांत आहे.

दुसरा असा, की चांगलं आणि स्वस्त हॉटेल नेहमी दुसऱ्याच्या गल्लीत असतं. ठाणेकर बटाटेवड्यासाठी दादरला मामा काण्यांकडे येतो, तेव्हा दादरकर मिसळ खायला ठाण्याच्या वाटेवर असतो. याच दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. त्या दिवशी कित्येक दादरकरांना शोध लागला, की हे हॉटेल आपल्या घरापासून सात मिनिटांवर आहे. (मग तिथं रांग लागली, म्हणून ते पुन्हा ठाण्याला गेले.)

आता हॉटेल शोधायचं ते मोबाइलवर. एका उडुप्याला एकच तारा मिळालेला मी पाहिला. कारण काय, तर 'सोमवारी बंद होतं'. दुसऱ्याला पाच तारे: 'पार्किंग छान'. इडलीबद्दल दोघांचंही काही म्हणणं नव्हतं. आमच्या वडिलांची परीक्षा सोपी होती. दुपारी दीड वाजता टॅक्सीवाला आणि बँकेतला कारकून एकाच टेबलावर दिसले की आत शिरायचं. मेनूकार्ड जाडजूड पुठ्ठ्यात आलं की पाणी पिऊन उठायचं.

गिरणगावात तर तारे द्यायची सोयच नव्हती. तिथल्या चाळींच्या खोल्यांतून बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. पगार झाला की पैसे, तोवर उधारी. आणि वाण्याची उधारी काकूंच्या डोक्यावर. सावकारी व्याजात पिचलेल्या या खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. आज त्याच गिरण्यांच्या आवारात हॉटेलं निघाली आहेत. तिथली 'घरगुती थाळी' महिनाभर खायची तर माणसाला गिरणीच विकावी लागेल, आणि ती आधीच विकलेली आहे.

आमच्या इमारतीखालीही एक खाणावळ होती. एक काकू आणि त्यांचा भाचा चालवायचे. फळ्यावर खडूनं आजची भाजी, बुधवारी बांगडा, ताट ९० रुपये. तिसरी पोळी नको म्हटलं तर काकू 'बरं नाही का?' असं विचारायच्या. हे सगळं मी अकरा वर्षांत तिथं चारदा जेवून सांगतोय. चारही वेळा घरातला गॅस संपला होता. 'आपलीच आहे, कधीही जाऊ,' असं आमच्या सोसायटीत सगळेच म्हणायचे, आणि सगळेच रविवारी टॅक्सी बोलवायचे.

माटुंग्याहून परतलो, तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि भाचा फळा पुसत होता. शेवटची भाजी पडवळाची होती. पुढच्या महिन्यात तिथं मोमोचं दुकान येतंय म्हणे. प्लेट १६० रुपये, जीएसटी वेगळा.

तेव्हा वाचकांपैकी कुणाला एखादी बरी, स्वस्त खाणावळ ठाऊक असेल, तर कृपया कळवावं. लांब असली तरी चालेल.