आधी तुमची फाईल दाखवा

सकाळचे साडेसात. नरडाणा एमआयडीसीतल्या एका गेटबाहेर बारा-पंधरा पोरं उभी. कुणी शिंदखेड्याहून एसटीने आलेलं, कुणी शिरपूरकडून एका मोटारसायकलवर तिघं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल. तीत दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, जातीचा दाखला. ठेकेदाराचा माणूस येतो. आधारची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक तेवढं काढून घेतो, बाकी फाईल न वाचता परत करतो. वहीत लिहितो : हेल्पर.

एक पोरगा अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मी फिटर शे."

"फिटर भरले. हेल्परमध्ये यायचं तर सांग."

पोरगा आत गेला. महिन्याभराने हायवेवरच्या चहाच्या टपरीवर तोच भेटला. काम विचारलं. बेअरिंग बदलतो, शाफ्टची लाईन लावतो, गिअरबॉक्स उघडतो. म्हणजे फिटरचंच काम. पगार मात्र हेल्परचा.

किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल, कुशल असे ठरतात. आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा. आईबापाने कापसाच्या पैशातून काढलेली ती दोन वर्षं वहीतल्या एका शब्दाने पुसली गेली. तो शब्द लिहिणाऱ्याला हा फरक माहीत नव्हता, की माहीत असून त्याने लिहिला? दोन्हीपैकी काहीही असो, माणसं निवडायचं काम त्याच्या हातात असायला नको.

पोराकडे आपण फाईलभर कागद मागतो. ते कागद ज्याने वाचायचे, त्याच्याकडे कोणता कागद आहे, हे कुणीच विचारत नाही.

भरती करणाऱ्यांसाठी कागदांची कमतरता नाही. एमएसडब्ल्यू आहे, एमपीएम आहे, कामगार कायद्याची पदविका आहे. अमेरिकेतल्या एसएचआरएम या एचआरवाल्यांच्या संघटनेची परीक्षा इथे बसून देता येते. दोन शनिवार-रविवारी घरबसल्या 'सर्टिफाईड रिक्रूटर' करून देणारे कोर्सही आहेत. यातलं कामाचं कोणतं? माझी कसोटी एकच : चूक केल्यावर जो कागद काढून घेता येतो, तोच खरा. डॉक्टरची नोंदणी मेडिकल कौन्सिल रद्द करू शकते. वकिलाची सनद जाऊ शकते. ट्रक ड्रायव्हरचं लायसन्सही निलंबित होतं. पण शंभर पोरांना चुकीच्या जागी कोंबणाऱ्याचं रिक्रूटरचं सर्टिफिकेट भिंतीवर तसंच राहतं.

काढून घेता येणारा कागद या धंद्यातही आहे, फक्त तो आपल्या पोरांसाठी नाही. आखाती देशांत कामगार पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मोठ्या एजंटाला ५० लाखांची बँक हमी द्यावी लागते. गैरप्रकार केला तर नोंदणी रद्द होऊ शकते. दुबईला जाणाऱ्या पोरामागे एवढी राखण, आणि नरडाण्याला येणाऱ्यामागे कुणीच नाही? कंत्राटी कामगारांच्या १९७०च्या कायद्याने ठेकेदाराला परवाना घ्यायला लावला खरा. पण त्या अर्जात माणसं किती लावणार ते विचारलं, अनामत किती भरणार ते विचारलं. माणूस ओळखता येतो का, हे विचारलं नाही.

कारखान्याच्या आतली एक चांगली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४९ने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कल्याण अधिकारी नेमायला लावला. त्याची पात्रता नियमांत लिहिली गेली. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी, ही अटही अनेक राज्यांच्या नियमांत होती. केवढी शहाणी अट! २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पाचशेचा आकडा अडीचशेवर आणला, हेही बरं झालं. पण हा अधिकारी पोराला भेटतो तो गेटच्या आत. 'हेल्पर' हा शब्द गेटबाहेरच लिहून झालेला असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "वीस वर्षं माणसं लावतोय, आता कागद कशाला?" या बोलण्यात खरेपणा आहे. पोराच्या हाताचे घट्टे बघून वेल्डर कोण, हे सांगणारे मुकादम मी पाहिलेत. नव्या एमएसडब्ल्यूवाल्याला ते जमणार नाही. म्हणून तर म्हणतो, या मुकादमांना कॉलेजात बसवू नका, त्यांची परीक्षा घ्या. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. हाताने शिकलेल्या माणसाला ती लागू पडते, तर माणसं लावणाऱ्याला का नको?

परीक्षा मराठीत, तोंडी, एका दिवसाची. आयटीआयचं प्रमाणपत्र वाचून ट्रेड सांग. कुशल-अकुशल दरातला फरक सांग. पीएफ आणि ईएसआयची कपात पगाराच्या चिठ्ठीवर दाखव. प्रेसवर नवखा माणूस बसवण्याआधी काय बघशील, ते सांग. समोरचा अहिराणीत बोलला तर त्याचं म्हणणं समजून घे. पास झालास तर नंबर घे, आणि तो नंबर प्रत्येक पोराच्या नेमणूक चिठ्ठीवर टाक. फिटरला हेल्पर लिहिल्याची तक्रार खरी ठरली, की नंबर गेला.

एवढं झालं तर माणसं निवडणाऱ्याच्या प्रमाणपत्राला किंमत येईल, आणि चांगल्या मुकादमाला, चांगल्या एचआरवाल्यालाही मान मिळेल. आज चांगला आणि वाईट एकाच वहीत लिहितात, आणि गेटबाहेरच्या पोराला त्यांच्यातला फरक कळायला महिना जातो.

फाईल देण्याआधी त्याला एवढं विचारता आलं पाहिजे : भाऊ, तुमचा नंबर काय?