मागच्या चाकांचं सोवळं

ताकद मिळावी ती मागच्याच चाकांना, हा बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांच्या भक्तांचा जुना धर्म. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं. त्यांनी ओढायला हात लावला की झाला विटाळ. पण ६०० अश्वशक्ती दोनच चाकांवर सोडली की ओल्या रस्त्यावर गाडी आडवी जाते आणि भक्तांना एकदम विमा आठवतो. म्हणून २०१७ साली आलेली एम५ चारही चाकांनी धावू लागली. शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत. धर्म बुडू नये म्हणून आत एक सोयही ठेवली: स्थिरता राखणारी यंत्रणा पूर्ण बंद केली, की सगळी ताकद मागे वळवता येते. ही सोय सगळ्यांना हवी होती. वापरतात किती, ते टायरवाल्याला विचारा.

लॅम्बोर्गिनीने उलटा व्यवहार केला. हुराकान आधी चारही चाकांनी पळवली, मग २०१५ मध्ये पुढची ओढ काढून, अश्वशक्ती ६१० वरून ५८० वर आणून ‘शुद्ध’ आवृत्ती विकली. (निदान स्वस्त तरी!) पोर्शे मात्र दोन्ही देवळांत पुजारी: कॅरेरा ४ चारही चाकांवर, जीटी३ मागच्या दोनच चाकांवर. भक्तांनी भांडत बसावं, दक्षिणा दोन्हीकडे चालू आहे.