डबेवाले नाना

नानांच्या पागेत घोडी एक आणि डबे अकरा. घोडी मारवाडी, पंचकल्याणी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. ती एका दिवसात आली. डबे मात्र हळूहळू साठत गेले. पहिला खुरांसाठी, दुसरा अंगावरच्या चकाकीसाठी, तिसरा सांध्यांसाठी, चौथा पहिल्या तिघांचं पचन नीट व्हावं म्हणून. पुढचे कशासाठी आले हे आता नानांनाही आठवत नाही, पण एकही बंद करायची त्यांची छाती होत नाही. न जाणो, घोडी नेमकी त्याच्यावरच उभी असेल!

चंदीची वेळ झाली की नाना सोनारी काटा बाहेर काढतात. चष्मा कपाळावरून नाकावर येतो, श्वास रोखला जातो (पूड उडते म्हणून) आणि जस्त, तांबं, मँगेनीज ग्रॅमच्या हिशेबानं पुड्यांत बांधलं जातं. शेजारी मोतद्दार डालड्याच्या जुन्या डब्यानं दाणा ओतत असतो. कधी शीग लावून, कधी नुसताच. त्या डब्यात किती किलो बसतं हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. वैरण तर कवळ्यानं, आणि कवळा मोतद्दाराच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे.

डब्यावरचं बारीक अक्षर वाचणं हा नानांचा खरा छंद. एका डब्यावर तांबं दर किलोला दोन हजार मिलिग्रॅम लिहिलेलं, दुसऱ्यावर पन्नास ग्रॅमच्या मात्रेत शंभर मिलिग्रॅम. हिशेब केला तर दोन्ही सारखेच. पण कुठे दोन हजार आणि कुठे शंभर! नानांनी दीडपट पैसे मोजून दोन हजारवाला उचलला. क जीवनसत्त्वाचाही एक डबा आहे. घोडा ते स्वतःच्या यकृतात तयार करतो, हे त्यांना मी एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “तिला तेवढेच कष्ट कमी.”

खुरांसाठीचं बायोटिन सुरू केल्याच्या आठव्या दिवशी नालबंदाला बोलावणं गेलं. नवं खूर वरून खाली जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणजे गुण दिसायचा तो पुढच्या दिवाळीला. नालबंदानं पाय उचलला, पाहिला, खाली ठेवला आणि चहा पिऊन गेला.

घोडीचं स्वतःचं मत निराळंच होतं. ओठांनी ती दाणा न् दाणा वेचून खायची आणि घमेल्याच्या तळाशी पांढरा थर तसाच. “नाना, घोडी चंदी खाती, औषध ठिवती,” मोतद्दारानं कळवलं. मग पूड चिकटावी म्हणून गुळाचं पाणी आलं. गूळ वाढला म्हणून नानांना साखरेची काळजी लागली. सातवा डबा बहुधा तेव्हाचा.

शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं, “घोडीचं वजन किती?” नाना गप्प. दुसऱ्याच दिवशी घोडी उसाच्या ट्रॅक्टरांच्या वजनकाट्यावर उभी. काट्यावरच्या पोरानं पावतीपुस्तकातून मान वर न काढता विचारलं, “भरलेली का रिकामी?” नाना गंभीरपणे म्हणाले, “चंदी व्हायचीय अजून.” वजन भरलं ३८० किलो. दहा-दहा किलोंनी पुढे सरकणाऱ्या त्या काट्याच्या भरवशावर नानांनी रात्री जागून जस्ताची मात्रा दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत काढली.

डॉक्टरांनी अकरा डबे ओट्यावर ओळीनं मांडायला लावले. तीन डब्यांत सेलेनियम निघालं. हे द्रव्य असं की घोड्याला लागतं कणभर, आणि त्याहून फार झालं तर आयाळ-शेपूट झडते, खुरं फाटतात. “नाना, २००९ साली फ्लोरिडात एका पोलो संघाची एकवीस घोडी गेली. ताकदीसाठी टोचलेल्या औषधात सेलेनियम जास्त पडलं होतं.” नानांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते घोडीच्या शेपटीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “डॉक्टर, ह्यावर उतारा म्हणून एखादा डबा येतो का हो?”

डॉक्टर मोठे सोशिक. त्यांनी कोंड्याकडे बोट दाखवलं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. दिवसेंदिवस तोच खाल्ला तर घोडं स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढतं आणि जबडा सुजतो. नाना विजयी मुद्रेनं म्हणाले, “म्हणून तर कॅल्शियमचा डबा आहे!” कोंडा कमी करावा हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, कोंडा डब्यात येत नाही ना. डॉक्टरांचा आवाज चढला तो एकदाच. चुलतभावाच्या गोठ्यातलं गाईंचं खाद्य कोपऱ्यात दिसलं तेव्हा. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं मात्र हृदय निकामी करतं. ते पोतं त्याच क्षणी परत गेलं.

राहिलं ते एवढंच: हिरवा लसूणघास, चांगली वाळली वैरण, दोन चमचे मीठ आणि एक बॅलन्सर. म्हणजे जीवनसत्त्वं, खनिजं आणि प्रथिनं एकत्र दाबलेल्या गोळ्या. पोत्यावर लिहिलं होतं, दर शंभर किलो वजनाला शंभर ग्रॅम. नानांनी सोनारी काट्यावर ३८० ग्रॅम तोलले, आणि घोडीनं घमेलं चाटून साफ केलं. मोतद्दाराच्या हातातलं पुड्या सोडायचं काम गेलं, तर तो चार दिवस शिट्टी वाजवत खरारा करत होता.

नाना मात्र कासावीस. चांगले अर्धे भरलेले डबे टाकवतही नाहीत! परवा पिशवी घेऊन ते गावातल्या वरातीच्या घोडीवाल्याकडे गेले.

“खुरांना काय देता हो?”

“नाल.”

“तसं नव्हे, पोटातून काय देता?” म्हणत नानांनी पिशवीत हात घातला.