समन्वय

नागोठण्याला अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो १५८०च्या सुमारास बांधला असं सांगतात. त्यासाठी किती समन्वय बैठका झाल्या याची नोंद नाही. बहुधा झाल्याच नसाव्यात, कारण पूल झाला.

याच गावावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. भूसंपादन अडलं, ठेकेदार बदलले, डांबराच्या जागी काँक्रीट आलं, न्यायालयात तारखा पडल्या, मंत्र्यांनी मुदती दिल्या. गणपती तेवढे दरवर्षी वेळेवर येत राहिले.

बांधकामातल्या समन्वयासाठी आता म्हणे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग आलंय. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंगवाले, वायरिंगवाले, सगळ्यांचे नकाशे एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये. पाइप बीमला आडवा जात असेल तर काँक्रीट ओतायच्या आधीच पडद्यावर दिसतं. आपल्याकडे ते नंतर दिसतं, एवढाच फरक. स्लॅब भरला, पेढे वाटले, सेंट्रिंग उतरलं की प्लंबर येतो, वर बघतो आणि विचारतो, "पाइपासाठी स्लीव्ह कुठं सोडलीय?" सेंट्रिंगवाला फिटरकडे बोट दाखवतो, फिटर सुपरवायझरकडे, सुपरवायझर नकाशाकडे. नकाशा आधीच्या रिव्हिजनचा. इंजिनिअरसाहेब फोन उचलत नाहीत. मग भोक पाडायला ब्रेकर मागवला जातो आणि त्या भोकाखाली प्रथमच सगळी टीम एकत्र जमते. ब्रेकरचं भाडं घरमालकाकडे.