ऱ्हस्व अभ्यास, दीर्घ प्रशिक्षण

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला आम्हा शिक्षकांकडून वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. त्यातले दोन तास मी परवा मेथी निवडता निवडता कमावले. घटक होता श्रवणकौशल्य. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. बनवणारा (तोही कधीतरी शाळेत होताच की) आम्हाला ओळखून आहे. मग आवाज बंद केला आणि श्रवण पूर्ण केले.

पुढे शुद्धलेखनाची चाचणी. ‘रित्या’ की ‘रीत्या’? मी दीर्घ निवडले. पैकीच्या पैकी! लगेच प्रमाणपत्र उतरले : ‘प्रशिक्षण यशस्वीरित्या पूर्ण.’

सवयीने लाल पेन उचलले, पण मोबाइलच्या काचेवर शाई उमटेना. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “सर, पीडीएफ आधी ग्रुपवर टाका. वेलांटी कोण बघतंय!”