बल्बसाहेब

पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप निष्कर्ष काढून देणाऱ्या 'क्विक इनसाइट्स' या सोयीला दिव्याचं चित्र असतं. आमचे साहेब ते दिवसातून इतक्यांदा दाबतात की त्यांचं मूळ नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. बाकी सगळीकडे ते बल्बसाहेब. हुद्दा 'हेड, सेल्स अ‍ॅनालिटिक्स'. आणि आमचा धंदा म्हणजे पुणे आणि आसपासच्या दुकानांना अंडी आणि चिकन पुरवणं.

साहेबांना ओळखायला वेळ लागत नाही. गळ्यात आयकार्ड, कानात एकच इअरफोन, आणि उघडा लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरणारा माणूस दिसला की तेच. लॅपटॉप मिटत नाहीत, कारण मिटला तर डेटा शिळा होतो असा त्यांचा समज असावा. चार लोकांना आधी प्रश्न पडतो आणि मग ते आकडे चाळायला बसतात. साहेबांचं उलट आहे. त्यांना आधी उत्तर मिळतं, मग त्याचा प्रश्न शोधत ते खाली डिस्पॅचला येतात.

दिवस उजाडतो तो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आपल्याकडे सकाळी सहाला फुलं आणि सुविचार येतात, आम्हाला स्क्रीनशॉट येतो. त्यावर लाल वर्तुळ आणि खाली 'इंटरेस्टिंग!'. क्विक इनसाइट्सचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर तुमच्या डेटावरून हात फिरवतं आणि जास्तीत जास्त 32 कार्डं मांडतं. कुठे चढ आहे, कुठे उतार, कोणता आकडा रांगेतून बाहेर पडलाय, कोणते दोन आकडे जोडीने हलतायत, असं प्रत्येक कार्डावर एक चित्र आणि खाली एक वाक्य. वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तुमच्या डेटाचा काही भागच तपासला आहे. ती ओळ साहेबांनी आजवर वाचलेली नाही. 32 कार्डं मात्र ते एकापाठोपाठ एक वाचून दाखवतात, आणि तेवढ्यात आमचा चहा गार होतो.

एकदा त्यांनी सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. 'कोथरूडची कामगिरी सातत्याने वाढतेय.' आलेख खरंच शिडीसारखा वर चढत होता. अकाउंट्सचा माणूस म्हणून मी पुढे वाकून बघितलं, तर उभ्या अक्षावर लिहिलं होतं 'पिनकोडची बेरीज'. सॉफ्टवेअरला आकड्यांचा रकाना दिसला की ते बेरीज करून मोकळं होतं. तो आकडा रुपयांचा आहे की पत्त्याचा, हे सांगण्याचं काम माणसाचं. कोथरूडमध्ये नवी दुकानं जोडली गेली तसे पिनकोड वाढले आणि बेरीज फुगत गेली. मी हळूच दाखवलं. साहेब म्हणाले, ''बेरीज कशाचीही असो, ट्रेंड पॉझिटिव्ह आहे ना?''

पण खरी मजा श्रावणात.

दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास आमची विक्री एका दिवशी आकाशाला भिडते आणि दुसऱ्या दिवसापासून जमिनीवर येते. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आषाढी अमावास्येला गटारी, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पण सॉफ्टवेअर मराठी नाही. त्याने त्या दिवशी तक्त्यावर एक ठिपका उठवला आणि म्हणालं, 'असाधारण वाढ'. त्यापुढच्या घसरणीवर साहेबांनी उजवी क्लिक करून 'एक्सप्लेन द डिक्रीज' मागवलं. उत्तर आलं: घट प्रामुख्याने चिकन या प्रकारामुळे, त्यातही सदाशिव पेठ आणि कोथरूडमुळे. साहेबांनी ताबडतोब प्रतिस्पर्धी कंपनीवर संशय घेतला आणि सदाशिव पेठेत कोण स्वस्त माल टाकतंय ते बघायला दोन पोरं पाठवली. पोरं साबुदाणा खिचडी खाऊन परत आली.

डिस्पॅचचे मामा एवढंच म्हणाले, ''साहेब, श्रावण लागलाय.''

साहेबांनी स्क्रीन वर-खाली केली. ''तो कॉलम कुठाय?''

माझ्या मते त्या एका वाक्यात अख्खे साहेब आले. त्यांच्या जगात जे रकान्यात नाही ते घडतच नाही. आणि सॉफ्टवेअरचा तरी काय दोष? त्याला तारीख, दुकान, माल, वजन, भाव एवढंच दिलेलं. दिलेल्या रकान्यांतूनच ते कारण शोधणार. तिथी इंग्रजी तारखेवर ठरलेल्या जागी बसत नाही. गटारी 2024 मध्ये 4 ऑगस्टला आली, 2025 मध्ये 24 जुलैला, त्यातही गुरुवारी. गुरुवार पाळणाऱ्या मंडळींनी बुधवारीच उरकून घेतलं. आता हे कुठलं यंत्र ओळखणार?

साहेब हार मानणारे नव्हेत. त्यांनी नवा रकाना घालायला लावला: 'श्रावण: हो / नाही'. जुना डेटा भरता भरता ऑपरेटर 2023 वर अडला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, आणि निज श्रावण 17 ऑगस्टपासून. अधिकात 'हो' लिहायचं की 'नाही'? साहेबांनी मीटिंग बोलावली. मामा म्हणाले, आमच्या घरी दोन्ही पाळले. ड्रायव्हर म्हणाले, आम्ही निजच पाळला. एचआरच्या बाई म्हणाल्या, हा प्रश्न ऑफिसात विचारायचा असतो का ते आधी तपासते. शेवटी साहेबांनी रकान्यात तिसरा पर्याय घातला, 'अंशतः'. त्यानंतर सॉफ्टवेअरने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की अंशतः श्रावणात अंड्यांची विक्री मध्यम राहते.

तात्या ड्रायव्हरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. 2019 साली या सॉफ्टवेअरमध्ये 'की इन्फ्लुएन्सर्स' नावाचा तक्ता आला. एखादी गोष्ट कशामुळे वाढते किंवा घटते ते तो गोल फुग्यांत पट लिहून दाखवतो. साहेबांनी त्याला अंड्यांची फूट दिली. तीस अंड्यांच्या ट्रेमागे किती फुटली, याची आम्ही नोंद ठेवतो. फुगा उगवला: ड्रायव्हर 'तात्या' असेल तेव्हा फूट जास्त असण्याची शक्यता 2.8 पट. तात्यांना नोटीस गेली. वीस वर्षांचा माणूस, नोटीस हातात घेऊन मामांच्या टेबलाशी उभा. मामांनी चष्मा वर केला. ''अहो, वेल्ह्याची लाइन मीच यांना देतो. खड्डे, वळणं, वर पाऊस. दुसऱ्या कुणाला दिली तर दुकानात ट्रे नाही, ऑम्लेट पोचेल.''

साहेबांनी ऐकलं नाही. तात्यांना सातारा हायवेवर टाकलं आणि वेल्ह्याला एक तरणा पोरगा दिला. महिन्याभरात फूट दुप्पट झाली आणि फुग्यावर त्या पोराचं नाव आलं. साहेब खूश. म्हणाले, ''बघा, सिस्टिम शिकतेय!'' फुगा कारण दाखवत नाही, सोबत दाखवतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या सोमवारी स्वतःचं म्हणून सगळ्यांना ऐकवलं. तात्यांना मात्र मामांनीच गुपचूप वेल्ह्याला परत लावलं.

घरीसुद्धा हेच. वहिनींच्या किराणा खर्चाचा डॅशबोर्ड केला, तेव्हा सॉफ्टवेअरने साहेबांच्या आईच्या मुक्कामाकडे बोट दाखवलं. तो डॅशबोर्ड पुन्हा कुणी पाहिला नाही.

एक कबूल करायला हवं, ते दिव्याचं बटण वाईट नाही. एकदा 29 व्या कार्डावर त्याने नेमका धागा दाखवला होता. एका दुकानाकडून परत येणारा फुटका माल बाकीच्यांच्या कैकपट होता. चौकशी केली तर तो दुकानदार दुसऱ्याची फुटकी अंडी आमच्या ट्रेमध्ये भरून परत पाठवत होता आणि आम्ही त्याचे पैसे वळते करत होतो. साहेब ते कार्ड 'बोअरिंग' म्हणून ओलांडून गेले होते, कारण त्यावर आलेख नुसता आडव्या पट्ट्यांचा होता. अकाउंट्सला ते सापडलं ते मीटिंगमध्ये दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

गेल्या महिन्यात शेठनीच बटण दाबलं. गाड्या सकाळी उशिरा सुटतायत अशी दुकानदारांची तक्रार होती. शेठच्या भाच्याला कॉम्प्युटर कळतो. त्याने गेटवरचं रजिस्टर आणि ऑफिसचं मीटिंग कॅलेंडर एकत्र जोडून फुग्यांच्या तक्त्यात टाकलं. शेठनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं, काही न बोलता लॅपटॉप साहेबांकडे वळवला. पडद्यावर एकच मोठा फुगा होता: रिव्ह्यू मीटिंगचे आयोजक बल्बसाहेब (मूळ नावाने) असतील तेव्हा गाडी उशिरा सुटण्याची शक्यता 3.4 पट. मामा छताकडे बघू लागले. मी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिशातून मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. ''शेठ, हा मला पाठवाल का? चांगल्या रेझोल्यूशनमध्ये?''

संध्याकाळी लिंक्डइनवर त्यांच्या नावाखालची ओळ बदललेली होती: 'की इन्फ्लुएन्सर, सप्लाय चेन'. खाली अभिनंदनांची रांग लागली होती, आणि त्यात पहिलं शेठच्या भाच्याचं होतं.