नैतिक प्रचार : नवख्यांसाठी जुजबी मार्गदर्शन

तिकीट मिळालं? अभिनंदन! आता मतदारसंघातल्या पाण्याचा, रस्त्यांचा अभ्यास करावा लागणार, या धास्तीनं झोप उडाली असेल तर निर्धास्त व्हा. नीतिमत्ता पुरेशी आहे, आणि ती बॅनरसोबतच मिळते.

१. आधी दुखावून घ्या. कशानं, ते नंतर ठरवता येतं. ‘हा माझा नव्हे, महाराष्ट्राचा अपमान आहे’ हे आरशासमोर घोटून ठेवा. शाहू-फुले-आंबेडकर ही नावं एका दमात घ्या. मध्ये थांबलात तर कुणीतरी त्यांच्या विचारांबद्दल विचारेल.

२. खंजीर बाळगा. १९७८ च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार वयाच्या ३८व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून हे हत्यार महाराष्ट्रभर फिरतंय. २०१९ ला शिवसेनेनं आपल्या पाठीत खुपसला, असं भाजप म्हणाला. २०२२ ला शिंद्यांनी खुपसला, असं ठाकरे म्हणाले. छातीवर वार झाल्याची तक्रार अजून कुणाची आलेली नाही. नवख्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की खंजीर फक्त आपल्या पाठीत असतो. दुसऱ्याच्या पाठीत असेल तर त्याला ‘उठाव’ म्हणतात.

३. पक्षांतराचं व्याकरण शिका. आपल्याकडून गेला तो गद्दार, आपल्याकडे आला तो विकासासाठी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘५० खोके, एकदम ओके’चा गजर केला. यमक जुळलं की पावती कुणी मागत नाही. आणि ज्याला गद्दार म्हटलं तोच परत आला तर? होतं असं, मनाला लावून घेऊ नका. जुने व्हिडिओ उडवा, ‘घरवापसी’चा हार जरा मोठा मागवा.

४. गुरू असू द्या, शक्यतो दिवंगत. हयात गुरू पत्रकार परिषद घेतो. शिंद्यांचे गुरू आनंद दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ ला पडद्यावर आला, आणि सव्वा महिन्यात शिंदे आमदारांसह सुरतेला पोहोचले. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ ला आला, विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. निर्मात्यांना अशा तारखा कशा सुचतात, हे विचारणं गुरुनिंदेत मोडतं. सिनेमा परवडत नसेल तर कराडला प्रीतिसंगमावर जा आणि यशवंतरावांच्या समाधीसमोर डोळे मिटून बसा. फोटोग्राफर मात्र डोळे उघडे ठेवणारा निवडा.

५. धर्माच्या नावावर मत मागायला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ मनाई करतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानंही चार विरुद्ध तीन मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा मत मागू नकाच, नुसतं ‘धर्मयुद्ध’ पुकारा. २०२४ ला हा शब्द भर सभांमधून वापरून झालेला आहे.

६. बाकीचं चॅनेलवाले बघतात. चार चौकटी, चार चेहरे, खाली लाल पट्टी : ‘खरा गद्दार कोण?’ त्या प्रश्नचिन्हाला नीट जपा, अब्रुनुकसानीच्या दाव्यात तेच कामाला येतं. छापील मजकुराचं मात्र बघून करा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्र्यांचे गोडवे गाणारा एकच लेख तीन स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः ‘बातमी’ म्हणून छापून आला आणि पी. साईनाथ यांनी तो चव्हाट्यावर आणला. वाईट वाटतं. निदान तिसऱ्या दैनिकासाठी दोन विशेषणं तरी बदलायची!

७. सभेत एखादा शेतकरी उठेलच. म्हणेल, २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजार समितीत तेवढाही मिळाला नाही, त्याचं काय? गडबडू नका. माइक जवळ ओढा, आवाज खाली आणा आणि त्यालाच विचारा : ‘दादा, तुम्हाला भाव मोठा की महाराष्ट्राची अस्मिता?’ टाळ्या पडतील. त्या थांबायच्या आत पुढच्या सभेला निघा.